दात राहिलेले तीन वेढे

टेलरबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी पँट शिवली तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. चाळीस वर्षं त्यांनी गल्लीतल्या लोकांच्या पँटी शिवल्या, उसवल्या, पोट सुटलं तशा कमरेत सैल केल्या, आणि तेही पोटाचं नाव न काढता. पण स्वतःची शिवायला बसल्या तेव्हा नीट माप घेणारं घरात कुणी नव्हतं. लेकीने टेप धरली, तीही उलटी.

"आकडे माझ्याकडे नकोत, तुझ्याकडे हवेत," बाई म्हणाल्या.

"आई, दुकानात तयार मिळतात गं. डोंगरावर घालायच्या. हलक्या असतात, चटकन वाळतात."

"मिळतात. त्यांना हा खिसा नसतो."

खिसा उजव्या मांडीवर होता. त्याला आतून मेणकापडाचं अस्तर, वरून झाकण आणि दोन बटणं. त्याचं माप मात्र कुणाच्या अंगावरून घेतलेलं नव्हतं. ते घडी घातलेल्या एका नकाशावरून घेतलं होतं.

नकाशा बाईंच्या नवऱ्याने काढलेला. ते सरकारी नकाशा कचेरीत आरेखक होते आणि गल्लीत त्यांना सगळे नकाशेवाले म्हणत. तेहतीस वर्षं त्यांनी डोंगर काढले, पण डोंगर चढले नाहीत. घराचे दोन जिने चढले तरी दारात उभे राहून धापा टाकायचे. मोजणीवाले महिनोन्‌महिने डोंगर हिंडून पेन्सिलीचे कच्चे तक्ते घेऊन यायचे, आणि त्यांवरून शाईचा पक्का नकाशा उतरवायचा हे नकाशेवाल्यांचं काम. त्यांच्या वाट्याला तपकिरी शाई होती, म्हणजे समोच्च रेषा. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी ही रेघ सगळेच शाळेत शिकतात आणि सगळेच विसरतात. टेकडी असली की रेघ फिरून स्वतःला येऊन मिळते, वेढा तयार होतो. खड्डा असला तरी वेढाच होतो. मग ओळखायचं कसं? तर खड्ड्याच्या वेढ्याला आतल्या अंगाला बारीक रेघोट्या काढायच्या. कचेरीत त्यांना दात म्हणायचे. दात असले तर जमीन खाली जाते, नसले तर वर.

आणि दात नेहमी शेवटी. आधी सगळ्या रेघा ओढायच्या, शाई रात्रभर वाळू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात बारीक टाकाने दात काढायचे. ओल्या रेघेला टाक लागला की शाई फुटलीच म्हणून समजा.

बाईंच्या दुकानाचं मशीन ज्या दिवशी आलं, त्या दिवशी एका उंच खिंडीच्या नकाशावरच्या रेघा नुकत्याच पुऱ्या झाल्या होत्या. काजं करायचं ते जुनं, लोखंडी, जड मशीन अरुंद जिन्याने पहिल्या मजल्यावर न्यायचं होतं आणि हमाल तीनच आले होते. बाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कचेरीत फोन केला. "अहो, येता का जरा? एक हात कमी पडतोय." तीन वाजता नकाशेवाले टाक धुऊन निघाले. दात उद्या. दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचले तर टेबल रिकामं. छपाईची तारीख अलीकडे आली होती आणि मुख्य साहेबांनी नकाशा सकाळी आठलाच पाठवून दिला होता.

त्या नकाशात असे वेढे एकाच ठिकाणी होते. खिंडीच्या पलीकडे, एकात एक तीन, सगळे मिळून शर्टाच्या बटणाएवढे. कच्च्या तक्त्यात त्यांना दात होते का? नकाशेवाल्यांना आठवेना. काहीतरी होतं खरं, पण ते दात होते की खोडरबराचा चुरा, कोण जाणे. तक्ता परत मोजणीवाल्यांकडे गेला होता. पुढे त्यांची कचेरी हलली तेव्हा त्या वर्षाचं कपाट कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. मुख्य साहेब म्हणाले, "छापलं ते छापलं. एवढ्याशा वेढ्याला कोण विचारतंय!"

नकाशेवाले त्या आठवड्यात एकदाच बाईंशी त्यावर बोलले. "धुक्यात कुणी त्या नकाशावर विसंबून चालला, समोर उंचवटा आहे म्हणून पाऊल टाकलं, आणि पुढे जमीनच नसली तर?" बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या एकेक काढून कापडाला लावत राहिल्या.

मग ती गोष्ट घरात राहिली, भिंतीतल्या ओलीसारखी. पाहुण्यांना दिसत नाही, पण घरच्यांना कुठे आहे ते ठाऊक असतं. फोनवर पृथ्वी आकाशातून दिसायला लागली तेव्हा लेकीने मोठ्या उत्साहाने ती जागा शोधून दिली. बर्फाचा पांढरा पट्टा आणि त्यात एक वाटोळी सावली. नकाशेवाल्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "खड्डा," म्हणाले. फोन उलटा धरला. "टेकडी." पुन्हा सुलटा केला. "आता परत खड्डा." मग फोन लेकीच्या हातात देऊन म्हणाले, "वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, बाळ. तिथे उभं राहावं लागतं." फोनमधल्या नकाशातही तेच तीन बोडके वेढे होते. नव्यांनी जुन्यावरूनच उतरवलेले.

साठी उलटलेल्यांना सावकाश, वाटाड्यासोबत सात दिवसांत त्या खिंडीपलीकडे नेणारी मंडळी आहेत, हे त्यांना कळलं तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. दोन जागा धरून आले. "दुसरी कुणाची?" बाईंनी विचारलं. "तुझी." "माझे गुडघे मशीनच्या पायडलचे आहेत, डोंगराचे नाहीत. लेकीला न्या." त्यावर ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून घराचे जिने रोज दहा वेळा चढू-उतरू लागले. पानगळीच्या दिवसांत त्यांची छाती भरली, आणि अकरा दिवसांत ते गेले.

लेक म्हणाली, जागा रद्द करूया. बाई कपाट आवरत होत्या. नकाशेवाल्यांच्या कोटाच्या खिशात सामानाची यादी निघाली होती. लोकरीचे मोजे चार जोड. गुडघ्याचा पट्टा (तिच्यासाठी). आणि सगळ्यात खाली, त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात: तपकिरी शाई, सगळ्यात बारीक टाक.

"रद्द नको," बाई म्हणाल्या. "मी जाते."

"एकटी?"

"दोन जागा आहेत ना?"

*

वाटाड्या पन्नाशीचा, काटक आणि कमी बोलणारा होता. सगळे त्याला दादा म्हणू लागले. सात जणांच्या गटात बाकी सगळे निवृत्त. त्यांत एक हेडमास्तर होते, आणि ते निवृत्त झाले आहेत हे त्यांना अजून कुणी सांगितलं नसावं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं करायचा प्रयत्न केला. त्यांच्या गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात तोच नकाशा लटकत होता. बाईंनी तो लांबूनच ओळखला. स्वतःच्या हातच्या शिलाईचा सदरा गर्दीत कुणाच्या अंगावर दिसावा, तसा.

"दोनच नियम," दादा म्हणाला. "पुढच्याच्या टाचेकडे बघून चालायचं, शिखराकडे बघून नाही. आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं."

"आणि दमलो तर?" हेडसरांनी विचारलं.

"तर मी आधीच थांबा म्हटलेलं असेल."

टाचेकडे बघून चालायला बाईंना कुणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षं त्यांची नजर सुईच्या टोकापलीकडे फारशी गेली नव्हती. पहिले दोन दिवस त्यांनी डोंगर पाहिलाच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांनी लेकीच्या बुटांची टाच पाहिली, डावी जरा आतून झिजणारी. माती पाहिली, मग मुरूम, मग दगड. झाडं कमरेएवढी झाली, मग गुडघ्याएवढी, मग जमिनीला चिकटली. दादा थांबा म्हणाला की मान वर करायची. आणि दर वेळी मघाचं जग कुणीतरी घडी घालून खाली ठेवलेलं असायचं. सकाळी ज्या नदीचा आवाज कानात मावत नव्हता, ती दुपारी पांढऱ्या दोऱ्याएवढी दिसायची, आणि आवाज अजिबात नाही.

"आई, दुखतंय का?"

"कुठे दुखत नाही ते विचार, लवकर सांगून होईल."

तिसऱ्या दिवशी दुपारी एका दगडी निवाऱ्याच्या पायरीवर दोघी सूप पीत बसल्या होत्या. हेडसर आत कुणाला तरी ढगांचे प्रकार समजावत होते. नकाशाची गोष्ट लेकीला ठाऊक होती, मशीनची नव्हती. बाईंनी ती सूपकडे बघत सांगितली. फोन, तीन हमाल, एक हात कमी.

"मी बोलावलं नसतं तर दुसऱ्या दिवशी काढायला काही उरलंच नसतं. रेघा झाल्याच होत्या, आणि उन्हाळ्याचे दिवस. संध्याकाळपर्यंत शाई वाळली असती, थांबून त्यांनी दात काढले असते. थांबायचे ते असे."

"बाबा कधी म्हणाले असं?"

"कधीच नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तोंडाने म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं."

लेकीने सूपचं भांडं पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, "मशीन किती जड होतं?"

"चार माणसांचं."

"मग तिघांनी ते जिन्यात सोडलं असतं, आणि खालच्या माणसाचं काय झालं असतं?"

बाईंना हसू आलं, आणि ते कुठे ठेवावं ते कळेना. "तुझा बाप वरच्या बाजूला होता," त्या म्हणाल्या. "उलटा चढत होता. पायऱ्या मोजत. एकोणीस आहेत, एकोणीस आहेत, असं सगळ्यांना सांगत. जिना अठरा पायऱ्यांचा होता. शेवटी हवेत पाय टाकला आणि मशीनसकट बसला."

"म्हणजे चुकायचे बाबा मोजायला."

"एकदा. त्याचंच तर त्यांना एवढं वाटायचं. सारखं चुकणाऱ्याला कुठे काय वाटतं?"

*

पाचव्या दिवशी उजाडताना ते खिंडीत पोचले. शेवटचा चढ असा होता की बाईंनी मनातल्या मनात टाके मोजायला सुरुवात केली. वीस पावलं म्हणजे एक काज, मग थांबायचं. किती काजं झाली त्याचा हिशेब सुटला तेव्हा समोरची टाच थांबली आणि दादा म्हणाला, "आता बघा."

बाईंनी मान वर केली.

त्यांना वाटलं होतं, समोर एक डोंगर असेल. समोर जमीनच उभी राहिली होती. एकामागे एक, त्याच्यामागे आणखी एक, शेवटचे इतके लांब की आकाश आणि ते यांत कोण कुठे संपतं ते ठरवता येईना. ऊन अजून वरच्या टोकांनाच लागलं होतं आणि तिथून हळूहळू खाली उतरत होतं. ते उतरताना दिसत होतं. सावलीची कड प्रत्येक डोंगराला एकाच उंचीवर कापत, प्रत्येक घळीत आत वळत, प्रत्येक सोंडेला वळसा घालत खाली सरकत होती. बाईंनी ती रेघ ओळखली. ती रेघ त्यांनी तेहतीस वर्षं जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्राच्या कडेला, एकदा तर दुधाच्या साईवर चमच्याने ओढलेली पाहिली होती. ती माणसाने कागदावर बेतलेली गोष्ट आहे, असंच त्या समजत आल्या होत्या. आणि इथे ऊन स्वतःच ती ओढत होतं, शेकडो मैल, हात न उचलता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. एवढंच.

वारा नव्हता. कुठेतरी खूप खाली दगड सुटला, आणि तो पडल्याचा आवाज इतक्या उशिरा आला की मधल्या वेळात बाईंना आपल्या कानशिलातली नाडी ऐकू आली. हेडसरसुद्धा बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढली होती आणि ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखी.

खिंडीपलीकडचा उतार सोपा होता. तासाभरात ते एका रुंद, दगडगोट्यांच्या माळावर उतरले. माळ पुढे हलकेच वर जात होता आणि त्याच्या कडेपलीकडे नुसतं आकाश. हेडसरांना कंठ फुटला. "आता टेकडी लागणार," ते नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "सगळ्यांनी पाणी पिऊन घ्या. वेढे बघा, एकात एक तीन. दोन वेढ्यांमध्ये चाळीस मीटर. म्हणजे बारा मजल्यांची इमारत प्रत्येकी. चांगला चढ आहे."

लेकीने आईकडे पाहिलं. बाईंचा हात मांडीवरच्या खिशावर गेला होता.

"दादा," बाईंनी विचारलं, "टेकडी आहे का पुढे?"

दादाने आपली काठी खाली ठेवली. "काठ्या इथे ठेवा," तो सगळ्यांना म्हणाला. "सॅका पण. आता एकमेकांचा हात धरायचा. मी पुढे. नजर टाचेवर. कुणी वर बघायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही."

"हा काय खेळ?" हेडसर म्हणाले.

"माझा बाप असाच न्यायचा. त्याचा बापही."

एका हातात लेकीचा हात, दुसऱ्यात हेडसरांचा, तो लोकरीच्या हातमोज्यातूनही गार लागणारा. बाई चालल्या. चढ होता, पण अगदी हलका. वीस पावलं, एक काज. आणखी दहा. टेकडीला याहून चढ असतो, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग काहीच आलं नाही, कारण तोंडावर थंड हवा लागली. ती समोरून येत नव्हती. खालून येत होती.

"थांबा. बसा. बसूनच बघायचं."

बाई बसल्या, आणि मग पाहिलं.

जमीन त्यांच्या बुटांच्या पुढ्यात संपली होती. पलीकडचा काठ होता, पण तो इतका लांब की त्यावरचे बर्फाचे डाग कुणी दोरे सोडून गेल्यासारखे दिसत होते. मधे सगळं खोल. काळ्या दगडाच्या भिंती वाटोळ्या फिरून पुन्हा स्वतःलाच मिळत होत्या. त्यांवरून पाण्याच्या सात-आठ बारीक धारा खाली निघाल्या होत्या आणि एकही तळाशी पोचत नव्हती. मधेच त्यांचे तुषार होऊन वाफेसारखे तिथेच तरंगत होते. वाफेखाली तळाशी बर्फ होता, पांढरा नव्हे, निळा. हा निळा रंग बाईंनी कापडाच्या कुठल्याच ताग्यात पाहिला नव्हता, आणि त्यांनी रंग थोडे पाहिले नव्हते. त्या बर्फातून मधूनमधून आवाज येत होता, कुणीतरी फार मोठं कूस बदलत असल्यासारखा. वाफ आणि त्यांच्यामध्ये मोठे पक्षी घिरट्या घालत होते. बाईंना त्यांच्या पाठी दिसत होत्या. सदुसष्ट वर्षांत त्यांनी पक्ष्यांची फक्त पोटं पाहिली होती. पाठीवर तपकिरी पिसं होती, ऊन लागलं की सोनेरी होणारी, आणि ही एवढी सुंदर पाठ कुणी पाहावी म्हणून नव्हती, नुसती होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाईंना गुडघे आठवले नाहीत, मशीन आठवलं नाही. हे सांगायला नको, पण खरं ते हेच, की नवराही आठवला नाही. आपण इथे कशासाठी आलो तेच त्या विसरून गेल्या होत्या. मग लेकीने हळूच त्यांचा हात सोडला आणि डोळे पुसले, तेव्हा त्यांना आठवलं.

"खड्डा आहे," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"दात हवे होते."

"नकाशात टेकडी आहे!" हेडसर प्लॅस्टिकचं पाकीट हलवत म्हणाले. त्यांच्या आवाजात फसवलं गेल्याचा राग होता आणि आनंदही. "स्वच्छ टेकडी आहे!"

दादा पहिल्यांदा हसला. "सगळेच असं म्हणतात. नकाशा बघून टेकडीची तयारी करून येतात, आणि मग हे. बाप म्हणायचा, कागदवाल्यांनी चूक केलीय, पण फार सुंदर केलीय. कुणाला सांगू नको."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न विचारायला त्या गुडघ्यांवर पट्टे बांधून पाच दिवस चालल्या होत्या. "दादा, खरं सांगा. या चुकीमुळे कुणी पडलं का इथे?"

दादाचं हसू थांबलं. तो काठावरचा एक खडा उचलून बोटांत फिरवत राहिला, खाली मात्र टाकला नाही.

"एक जण. बापाच्या वेळी. वाटाड्या न घेता एकटाच आला होता. दाट धुकं होतं. या काठावरून घसरला आणि खालच्या टप्प्यावर अडकला. पाय मोडला. बापाने दोर टाकून वर काढला, पाठीवर घेऊन दोन दिवसांत खाली नेला."

"नकाशामुळे?"

"तो म्हणाला धुक्यामुळे. बाप म्हणाला घाईमुळे. नकाशाचं नाव कुणी घेतलं नाही." त्याने खडा परत काठावर ठेवला. "पण हातात नकाशा होता त्याच्या. हेही खरं."

"मग? पुढे?"

"जगला की. लंगडायचा. दर वर्षी यायचा, म्हातारा होईपर्यंत. इथेच बसायचा, तुम्ही बसलात तिथे."

बाईंनी मान हलवली. त्यांच्या मनात जे चाललं होतं त्याला दुःख म्हणता आलं नसतं आणि सुटकाही म्हणता आली नसती. चाळीस वर्षं जे नुसतं 'तर?' होतं, त्याला आता एक पाय होता, आणि एक लंगडता माणूस होता, ज्याने जिथे पडलो तीच जागा जन्मभर पुन्हापुन्हा पाहिली. "तुझ्या बाबांना वाटायचं ते बरोबर होतं," त्या लेकीला म्हणाल्या. "रात्री उगाच नव्हते जागत." मग त्यांनी खिशाची दोन्ही बटणं सोडली.

नकाशा सपाट खडकावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड. सामानाच्या यादीतली शेवटची वस्तू लेकीच्या कोटाच्या खिशात, मोज्याच्या जोडात गुंडाळलेली होती. शाईची बाटली लेकीने धरली. बाईंनी चष्मा बदलला, टाक बुडवला, बाटलीच्या काठावर निथळवला, जसा नवऱ्याला हजार वेळा निथळवताना पाहिला होता.

"बाई, छापील नकाशावर लिहिताय?" हेडसरांनी विचारलं.

"लिहीत नाही. एक काम राहिलं होतं."

लेकीने मग दोन वाक्यांत सगळं सांगितलं. नकाशा कुणाचा, दात का राहिले. हेडसर ऐकत गेले आणि त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या पाकिटावर गेला, जणू इतके दिवस ते कुणाची तरी वस्तू न विचारता गळ्यात घालून फिरत होते.

बाहेरचा वेढा. आतल्या अंगाला, खाली उताराकडे, एक दात. दुसरा. कागदी बेतावर चुणीची दिशा दाखवणाऱ्या बारीक खुणा बाई अशाच काढत आल्या होत्या. ती खूण नसली तर शिकाऊ बाई चुणी उलटी घालते आणि छातीच्या जागी पोक येतं. हात थंडीने थरथरत होता. दात वाकडे आले. नकाशेवाले असते तर म्हणाले असते, राहू दे, हात स्थिर नाही, उद्या काढ. बाईंनी मधला वेढा घेतला, मग सगळ्यात आतला, त्यात चारच दात मावले. मग टाक खाली ठेवला.

हेडसरांनी गळ्यातून पाकीट काढलं, आपला नकाशा उलगडला आणि बाईंच्या शेजारी ठेवला. त्यालाही चार दगड लावले.

"ताई," दादा हळूच म्हणाला. "हे खाली जाऊन सगळ्यांना कळलं तर मग पुढच्यांना काय उरेल? ते खड्डा बघायची तयारी करून येतील."

बाईंनी खाली पाहिलं. ऊन आता पलीकडच्या भिंतीवरून उतरत वाफेपर्यंत पोचलं होतं. वाफ आतून पेटल्यासारखी झाली होती आणि तिच्यावरून एक पक्षी पंख न हलवता गेला, त्याची सावली वाफेवर, त्याच्याहून मोठी. बर्फाने पुन्हा कूस बदलली.

"मला तर येण्याआधीच निम्मं ठाऊक होतं, दादा," त्या म्हणाल्या. "मी केली होती तयारी. उपयोग झाला का? काढू द्या मला. एवढ्याशा रेघोट्यांत हे थोडंच मावतंय."

दादाने जरा विचार केला. मग तो उठला, मागे गेला आणि आपल्या सॅकच्या तळातून एक नकाशा घेऊन आला. घड्यांवर फाटलेला, पट्ट्यांनी चिकटवलेला, तेलकट. "बापाचा," तो म्हणाला. "याच्यावर पण."

तिसऱ्या नकाशापर्यंत बाईंचा हात स्थिर झाला होता. त्यांनी टाक पुसला, बाटलीला बूच लावलं. हेडसर आपला नकाशा उचलायला वाकले तशा त्या दुकानातल्या आवाजात म्हणाल्या, "हात लावू नका. ओली आहे. वाळल्याशिवाय घडी घालायची नाही."

"किती वेळ लागेल?"

"कचेरीत रात्रभर ठेवायचे. इथे ऊन आहे. तासभर तरी."

दादाने सूर्याकडे पाहिलं, मग उतरणीच्या वाटेकडे, आणि पुन्हा बसला. सगळेच बसले. बारा दगडांखाली तीन नकाशे वाळत होते आणि कुणालाही काही काम नव्हतं. लेक आईच्या खांद्याला टेकली. खाली पक्षी फिरत होते, पाठी वर करून, आणि भिंतीवरून उन्हाची रेघ उतरत होती, वाटोळी फिरत, स्वतःला मिळत, तळाकडे.